प्रवास अनुदान मंजूर झालं, पण तिकिटाचे पैसे आधी कुणी भरायचे?

वर्गाबाहेर

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. चार जण माझ्याकडे पीएचडी करतात. त्यांतल्या एका विद्यार्थिनीबद्दल लिहितोय, तिला विचारूनच.

ती कोलाम समाजातली आहे. गाव म्हणजे पांढरकवड्याकडचं तीसेक घरांचं पोड. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड फार. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा, आणि कित्येक ठिकाणी पाणी तिच्या वर जातं. दातांवरचे तपकिरी पट्टे आणि गुडघे धरून बसलेली माणसं तिने घरातच पाहिली. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, कोळसा करून, त्यावर ॲल्युमिनियमचा थर चढवून, त्याने पाण्यातलं फ्लोराईड शोषून घ्यायचं, हे तिचं काम. पऱ्हाट्या आमच्याकडे बांधावर जाळून टाकतात. त्यामुळे कच्च्या मालाला पैसा लागत नाही.

गेल्या वर्षी जर्मनीतल्या एका परिषदेत तिचं पोस्टर, म्हणजे संशोधन मांडणारा फलक, स्वीकारलं गेलं. आम्ही एका ठिकाणी प्रवास अनुदानासाठी अर्ज केला आणि तेही मंजूर झालं. विभागात पेढे वाटले. मग मंजुरीपत्र नीट वाचलं. सगळी रक्कम परत आल्यावर मिळणार होती. तिकीट, बोर्डिंग पास, नोंदणीची पावती, हजेरीचं प्रमाणपत्र जोडायचं, बिल सादर करायचं आणि वाट पाहायची.

आधी लागणार होते साधारण एक लाख साठ हजार. तिची फेलोशिप तेव्हा सात महिने थकलेली होती. माझ्या क्रेडिट कार्डाची मर्यादा पाऊण लाख. मी म्हटलं, उरलेले मी कुठून तरी उभे करतो. ती म्हणाली, "सर, व्हिसा नाकारला तर तुमचे पैसे मी कशातून फेडू?" मला उत्तर देता आलं नाही. ती गेली नाही.

अनुदान नव्हतं म्हणून ती राहिली असती तर मी इथे लिहिलं नसतं. अनुदान होतं. ज्याच्या घरात दोन लाख पडून आहेत त्यालाच ते वापरता येत होतं, आणि ज्याच्या घरात दोन लाख पडून आहेत त्याला त्याची निकड सगळ्यात कमी. आदिवासी, दलित, मुस्लिम, भटक्या-विमुक्त घरांतली जी थोडी मुलं विज्ञानात पीएचडीपर्यंत पोचतात, त्यांच्यासाठी तुमच्या संस्थांमध्ये काही वेगळी सोय आहे का? कुणी हा पेच सोडवलाय का? अनुभव लिहा. सल्ला नसला तरी चालेल.

सातमजली

सर, वाचून वाईट वाटलं. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज यातून काही होईल का?

वर्गाबाहेर

@सातमजली, नाही. त्या दोन्ही परदेशात पदवीला प्रवेश मिळालेल्यांसाठी आहेत, पाच दिवसांच्या परिषदेसाठी नाहीत. शिवाय शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी, ही मुलगी अनुसूचित जमातीची. हा घोळ बऱ्याच जणांचा होतो म्हणून लिहिलं.

जुनीपेठ

मी मालेगावची. सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी केली. घरात पॉवरलूमचं काम, शिकलेली मी पहिली.

मला सिंगापूरच्या परिषदेत तोंडी सादरीकरण मिळालं होतं. पत्र अगदी असंच, खर्च करा आणि मग मागा. अब्बांनी तीन ठिकाणी विचारून पाहिलं. शेवटी माझी फुफी, म्हणजे आत्या, आली. आमच्या गल्लीत बायकांची भिशी चालते, वीस जणी, महिन्याला पाच-पाच हजार. त्या महिन्याचा नंबर फुफीचा होता, तिने तो मला दिला. पुढच्या महिन्याचा नंबर जिचा होता तिनेही तिचा दिला. म्हणजे दोन लाख रुपये, ना व्याज ना कागद. फुफीला त्यातून घराचा पत्रा बदलायचा होता. तो त्या पावसाळ्यात बदलला नाही.

माझं बिल मंजूर व्हायला नऊ महिने लागले. एक आक्षेप असा होता की परतीच्या एका विमानाचा बोर्डिंग पास मोबाईलवरचा आहे, कागदी नाही. विमान कंपनीकडून प्रवासाचं प्रमाणपत्र मागवलं तेव्हा सुटलं. सगळ्यांना सांगणं आहे, प्रत्येक टप्प्याचा कागदी बोर्डिंग पास काउंटरवरून मागून घ्या आणि त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, कारण त्यावरची शाई उडते.

दर महिन्याला भिशीच्या दिवशी मी फुफीच्या घरी जाणं टाळायचे. त्या बायकांनी एकदाही विचारलं नाही. पण मला ते नऊ महिने आठवतात, सादरीकरणाची ती बारा मिनिटं तेवढी आठवत नाहीत.

सरळरेषा

वेगळं मत मांडतो, गैरसमज नसावा. परिषद म्हणजे गुणवत्तेचं ठिकाण. तिथे जात किंवा धर्म पाहून निधी द्यायला लागलो तर ज्यांचं काम चांगलं आहे पण जे कुठल्याच गटात बसत नाहीत, त्यांच्यावर अन्याय नाही का? माझे वडील पोस्टात होते, मीही कर्ज काढूनच गेलो होतो.

वर्गाबाहेर

@सरळरेषा, मोकळेपणाने विचारलंत ते बरं झालं. परिषदेने तिचं पोस्टर निवडलं तेव्हा तिची जात कुणाला माहीत नव्हती. अनुदान देणाऱ्यांनीही काम पाहूनच मंजुरी दिली. म्हणजे गुणवत्तेची परीक्षा ती दोनदा उत्तीर्ण झाली होती. मी बोलतोय ते त्यानंतरच्या टप्प्याबद्दल.

तुम्हाला कर्ज मिळालं, कारण वडिलांच्या पगाराची पावती होती. तिचे वडील कापूस वेचतात. जर्मनीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी बँकेचा उतारा मागतात. तिच्या वडिलांच्या जनधन खात्याचा उतारा आम्ही काढून आणला होता. तो कागद हातात घेऊन आम्ही दोघंही गप्प बसलो होतो.

शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी बोर्डिंगं काढली, मराठ्यांसाठी, जैनांसाठी, पुढे मुस्लिमांसाठी, अस्पृश्य मानलेल्यांसाठी. नुसती फी माफ करून ते थांबले नाहीत, कारण खेड्यातला मुलगा फीपाशी अडत नव्हता, कोल्हापुरात रात्री झोपायचं कुठे यापाशी अडत होता. अडचण नेमकी कुठे आहे हे पाहून त्यांनी पैसा घातला. मीही तेवढंच मागतोय. तुमच्यासारख्या पोस्टातल्या घरातल्या मुलालाही आगाऊ रक्कम मिळावी, याला माझी ना नाहीच.

काचकुपी

मी पुण्याची, आता अमेरिकेत पोस्टडॉक करते. इथली एक पद्धत सांगते, कारण धाग्याच्या विषयाशी तिचा थेट संबंध आहे.

इथे दर नोव्हेंबरात एक मोठी परिषद भरते, एबीआरसीएमएस. 'ॲन्युअल बायोमेडिकल रिसर्च कॉन्फरन्स फॉर मायनॉरिटी स्टुडंट्स' हे तिचं मूळ नाव, अलीकडे त्यातले शेवटचे शब्द बदलले. अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायोलॉजी ही संस्था २००१ पासून ती भरवते. कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूलनिवासी अशा समाजांतली मुलं हजारोंनी येतात, बहुतेक पदवीच्या वर्षांतली. मी दोनदा परीक्षक म्हणून गेले. एका पोस्टरपाशी वेगवेगळे परीक्षक येऊन बोलतात आणि गुणांबरोबर लेखी अभिप्राय देतात. एकोणीस वर्षांच्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी अनोळखी शास्त्रज्ञ विचारतो, "हा प्रयोग तू असा का केलास?" त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहण्यासाठी मी पुन्हा गेले.

पैशाचं म्हणाल तर परिषदेची स्वतःची प्रवास पारितोषिकं असतात. पण मला त्याहून महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी. त्यांतली बरीच मुलं प्रशिक्षण कार्यक्रमांतून आलेली असायची, आणि त्या कार्यक्रमांच्या अनुदानातच विद्यार्थ्याच्या प्रवासाची तरतूद आधीपासून असायची. मुलाला वेगळा अर्ज नाही, हात पसरणं नाही. तिकीट विभाग काढायचा.

साकनास नावाची दुसरी संस्था आहे, १९७३ मध्ये लॅटिनो आणि मूलनिवासी शास्त्रज्ञांनी मिळून काढलेली. मूलनिवासींची एआयएसईएस १९७७ ची. साकनासच्या प्रवास शिष्यवृत्तीचा भर नोंदणी, राहणं आणि प्रवास या तिन्हींवर असतो. या संस्था वरून कुणी दिलेल्या नाहीत. आपल्या मुलांना मोठ्या परिषदांत एकटं वाटतं हे पाहिलेल्या चार-दोन प्राध्यापकांनी एकत्र येऊन त्या उभ्या केल्या.

एक खुलासा, कारण मला भारतातून मेल येतात. इथे शिकणारे आपण भारतीय यांतल्या बहुतेक निधींना पात्र नसतो. एक तर नागरिकत्वाची किंवा कायम रहिवासाची अट असते, दुसरं म्हणजे विज्ञानात आशियाईंची संख्या इथे कमी धरली जात नाही. भारतात दलित म्हणून जे सोसलं ते इथल्या अर्जात कुठल्याच रकान्यात बसत नाही. आणि २०२५ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारचं धोरण फिरल्याने इथल्याही अशा कार्यक्रमांवर गदा आली आहे. पन्नास वर्षं लागून उभं राहिलेलं असं डळमळताना पाहून जीव तुटतो.

हिशेबनीस

मी एका विद्यापीठाच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

"आधी खर्च, मग परतावा" हा नियम दुष्टपणाने कुणी केलेला नाही. आगाऊ रक्कम दिली की तिला आमच्या भाषेत तसलमात म्हणतात. तसलमात दिली की तिचं समायोजन व्हावं लागतं, म्हणजे पावत्या येऊन हिशेब मिटावा लागतो. मिटला नाही तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि तो वर्षानुवर्षं लोंबकळतो. कर्मचाऱ्याने हिशेब दिला नाही तर पगारातून वसुली करता येते. विद्यार्थ्याला पगारच नाही, तर वसूल कुठून करणार? म्हणून बाबू विद्यार्थ्याच्या नावावर तसलमात काढायला घाबरतो. मीही घाबरायचो. आता वाटतं, तेव्हा थोडं डोकं चालवायला हवं होतं. कारण वाटा होत्या.

पहिली वाट म्हणजे तसलमात विद्यार्थ्याच्या नावे न काढता मार्गदर्शकाच्या किंवा विभागप्रमुखाच्या नावे काढायची. जबाबदारी त्यांची, प्रवास विद्यार्थ्याचा. त्यासाठी प्राचार्यांची किंवा कुलसचिवांची मंजुरी टिपणीवर लागते. टिपणीत "विद्यार्थिनीस अनुदान मंजूर असून रक्कम प्रतिपूर्तीने प्राप्त होणार आहे" हे वाक्य घाला आणि मंजुरीपत्र जोडा. पैसा परत येणार आहे हे कागदावर दिसलं की सही लवकर होते.

दुसरी वाट मला जास्त आवडते. रोकड विद्यार्थ्याच्या हातात द्यायचीच नाही. परिषदेकडून प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे पैसे भरण्याआधीचं बिल, महाविद्यालयाच्या नावे मागवा आणि नोंदणी शुल्क संस्थेच्या खात्यातून थेट भरा. तिकीटही संस्थेनेच काढायचं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. केंद्र सरकारच्या पैशातून विमानप्रवास असेल तर तिकीट बाल्मर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तीनपैकीच एकाकडून घ्यायचं, असा २०२२ चा आदेश आहे. स्वस्त मिळालं म्हणून दुसऱ्या संकेतस्थळावरून काढलेली तिकिटं नामंजूर झालेली मी पाहिली आहेत. मुलांना हे कुणी सांगत नाही. मंजुरीपत्रातली तिकिटाची अट पहिल्या दिवशी वाचा.

एवढं झालं तर मुलीच्या खिशातून जायचे ते व्हिसा, विमा आणि तिथला रोजचा खर्च. एक लाख साठ हजाराचे तीस-पस्तीस हजारांवर येतात.

वर्गाबाहेर

हिशेबनीस काका, हे मला चौदा महिन्यांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर! आमच्या लेखापालांशी उद्याच बोलतो.

गोमंतक_भौतिकी

भौतिकशास्त्र आणि गणितवाल्यांसाठी सांगतो. इटलीत त्रिएस्तला आयसीटीपी आहे, अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये काढलेली, विकसनशील देशांतल्या शास्त्रज्ञांसाठीच. तिथल्या कार्यशाळांना बहुतेक वेळा नोंदणी शुल्क नसतं आणि निवड झालेल्या अनेकांना राहण्याची सोय व प्रवासाला मदत मिळते. अर्जातच "मला आर्थिक मदत हवी आहे" असा प्रश्न असतो. आपली मुलं संकोचाने तिथे "नको" लिहितात. मी गोव्यातल्या माझ्या दोन विद्यार्थ्यांना शेजारी बसवून तो रकाना भरायला लावला.

नोंदणी शुल्काचंही तसंच. माफीची सोय संकेतस्थळावर लिहिलेली नसली तरी आयोजकांना चार ओळींचा मेल टाकला की बऱ्याचदा अर्धं किंवा पूर्ण माफ होतं. परिस्थिती सरळ लिहायची, विनवण्या करायच्या नाहीत.

जुनीपेठ

हा संकोच फार खरा आहे. आमच्याकडे मदत मागणं म्हणजे घराची इज्जत उघडी करणं. मला तो रकाना भरायला दोन दिवस लागले होते.

रेल्वेकाठ

परदेशाचंच बोलतोय आपण, पण माझ्या बहिणीची भुवनेश्वरची परिषद तिकिटापायी बुडाली होती. संशोधक विद्यार्थ्यांना वयाच्या ३५ पर्यंत संशोधनाच्या कामासाठीच्या प्रवासात स्लीपर आणि सेकंड क्लासला ५० टक्के सवलत असते. महाविद्यालयाकडून सवलतीचा फॉर्म घेऊन खिडकीवर तिकीट काढावं लागतं. आमच्या कॉलेजच्या कार्यालयात फॉर्मचं पुस्तक कपाटात पडून होतं, कुणी मागितलंच नव्हतं.

वर्गाबाहेर

पंधरा दिवसांनी लिहितोय.

प्राचार्यांनी हिशेबनीस काकांची दुसरी वाट मान्य केली. लेखापाल आधी "असं कधी केलेलं नाही" म्हणाले, मग काकांचा मजकूर जवळजवळ शब्दशः टिपणीत उतरवला आणि स्वतःच फाईल घेऊन गेले. इथून पुढे मंजूर अनुदान असलेल्या विद्यार्थ्याची नोंदणी आणि तिकीट महाविद्यालय भरेल. फक्त एका महाविद्यालयापुरतं आहे, पण झालं.

उरलेल्या तीस-पस्तीस हजारांसाठी जुनीपेठताईंची भिशी डोक्यातून जात नव्हती. आम्ही अकरा प्राध्यापकांनी आणि नोकरीला लागलेल्या सहा जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून फिरता निधी सुरू केला आहे. सध्या एक लाख दहा हजार जमलेत. विद्यार्थ्याने उचलायचे, परतावा आला की परत टाकायचे. आमचा वाद एकाच मुद्द्यावर झाला: व्हिसा नाकारला तर? ९० युरो शुल्क तर बुडतंच. शेवटी ठरलं की ते नुकसान निधीचं, विद्यार्थ्याचं नाही. याला दोघांचा विरोध होता. पण तिचा तो प्रश्न मी विसरलेलो नाही, त्यामुळे या मुद्द्यावर मी हटलो नाही.

आणखी एक. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २००९ मध्ये सुरू झाली होती. नवीन निवड बंद केल्याचं डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं गेलं. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी, जैन अशा सहा समाजांतल्या मुलांना ती मिळायची. आपल्या राज्यात वेगवेगळ्या समाजगटांसाठी बार्टी, टीआरटीआय, महाज्योती, सारथी या संशोधन-प्रशिक्षण संस्था आहेत, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला अल्पसंख्याकांसाठी मार्टी स्थापायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. या सगळ्यांना मी एकच निवेदन लिहितोय: फेलोशिपमध्ये परिषद प्रवासाचं स्वतंत्र लेखाशीर्ष असावं आणि त्यातली रक्कम प्रवासाच्या आधी मिळावी. मसुदा इथे टाकतो. काका, त्यातली कार्यालयीन भाषा तुम्ही तपासाल का?

हिशेबनीस

टाका. रात्री बघतो. "आगाऊ" लिहू नका, "तसलमात, समायोजनाच्या अधीन राहून" लिहा. फाईल त्याच शब्दांवर पुढे सरकते.

सरळरेषा

सर, फिरत्या निधीत माझे पाच हजार धरा. मत माझं पूर्ण बदललेलं नाही, पण आगाऊ रकमेचा मुद्दा पटला. खातं क्रमांक खासगी निरोपात पाठवा.

पोडावरची

नमस्कार. सरांनी ज्या मुलीबद्दल लिहिलं ती मीच. सगळं वाचलं. दोन-तीनदा वाचलं.

या वेळी व्हिएन्नाच्या परिषदेत पोस्टर लागलंय. महाविद्यालयाने नोंदणी भरली, तिकीटही निघालं. विमा तीस हजार युरोचा काढला, व्हिसाची तारीख पुढच्या मंगळवारी आहे. बँकेच्या उताऱ्याऐवजी प्राचार्यांनी खर्चाच्या हमीचं पत्र दिलंय. बाबा म्हणतात, कोळशाची एक पुडी सोबत ने, लोकांना हातात घेऊन पाहू दे. सर म्हणतात, विमानतळावर पूड अडवतील. तर ती फोटोतच नेणार आहे.

मला एक विचारायचं होतं. पोस्टर ए-शून्य मापाचं आहे आणि कागदाची नळी विमानात सांभाळायला भीती वाटते. कापडावर छापून मिळतं असं काचकुपीताईंच्या एका जुन्या धाग्यात वाचलं. नागपुरात कुठे होईल? आणि घडी घातल्यावर आलेखांवर सुरकुत्या दिसतात का?

काचकुपी

अगं, नक्की कापडावरच छाप! सीताबर्डीत फ्लेक्स आणि बॅनरवाले आहेत, त्यांना "पॉलिस्टर कापडावर, फ्लेक्सवर नाही" असं स्पष्ट सांग. घडी न घालता गुंडाळी करून कपड्यांच्या बॅगेत ठेव, सुरकुती राहत नाही. अक्षरं थोडी मोठी ठेव, कापडावर बारीक अक्षर पसरतं. छापायच्या आधी पीडीएफ मला पाठव, आलेखांचे रंग बघून देते.

पोडावरची

आज रात्री पाठवते, ताई.